पाणी लागलं की घट्ट होणारा गोंद: पीयू ग्लूविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुतारकाम हा माझा छंद आहे. त्यापायी जे मेसेज येतात, त्यांतले बरेचसे या एका गोंदाबद्दल असतात, आणि तेही काम बिघडल्यावर, रात्री उशिरा, फोटोसकट. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची एका जागी लिहून ठेवतो आहे. आधी साधे प्रश्न, पुढे अडचणीचे.

१. पीयू ग्लू म्हणजे काय? घरात फेविकॉल असताना तो वेगळा कशाला घ्यायचा?

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. १९३७ साली जर्मनीतल्या लेव्हरकुसेनमध्ये ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे रसायन पहिल्यांदा तयार केलं. आपल्या गाद्यांमधला फोम त्याच घराण्यातला. पांढरा गोंद पाण्यात कालवलेला असतो. ते पाणी लाकडात मुरलं, हवेत उडालं की तो सुकतो. पीयू ग्लूच्या बाटलीत पाण्याचा थेंब नसतो. त्याला बाहेरून पाणी मिळालं की मगच तो घट्ट व्हायला लागतो. म्हणून त्याच्या बाबतीत 'सुकला का?' हा प्रश्नच चुकीचा. तो सुकत नाही, पिकतो.

घरातलं कपाट, टेबल, शेल्फ करायचं असेल तर मी आजही पांढरा गोंदच घेतो. स्वस्त पडतो आणि हात पाण्याने धुता येतात. पीयू काढायचा तो गच्चीवरच्या बाकड्यासाठी, पागोळ्यांखाली येणाऱ्या दाराच्या चौकटीसाठी किंवा लाकडाला दगड-धातू जोडायचा असेल तेव्हा. पातळ पट्ट्या वाकवून एकावर एक चिकटवायच्या असतील तरीही तोच बरा. पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि वाकवलेली पट्टी थोडी सरळ होते. पीयूमध्ये हे फारच कमी होतं.

२. गोंदाला पाणी लावल्यावर तो पातळ होऊन वाहून नाही का जाणार?

नाही. गोंदातले आयसोसायनेट नावाचे गट पाण्याशी जोडले जातात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. मागे उरलेला भाग शेजारच्या रेणूंच्या साखळ्यांना पकडत जातो आणि सगळं मिळून एक जाळं तयार होतं. ते जाळं म्हणजे आपला सांधा. सुटणारा वायू म्हणजे तो फेस.

वायू किती सुटतो याचा हिशोब गमतीचा आहे. ड्रॉपरमधला पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलीटरचा. तो सगळाच्या सगळा गोंदाने खाल्ला तर पासष्ट-सत्तर मिलिलीटर वायू होतो, म्हणजे कटिंग चहाचा छोटा ग्लास भरेल इतका. त्यामुळे हा गोंद वापरताना मी दोनच गोष्टी बघतो: याला पाणी कुठून मिळणार आणि वायू कुठून बाहेर पडणार. खालची बहुतेक उत्तरं या दोन प्रश्नांतूनच निघतात.

३. मग पाणी किती आणि कुठे लावायचं?

एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला गोंद. मळलेल्या कणकेवर आपण जे फडकं टाकतो, तितपतच ओलं फडकं घ्यायचं: घट्ट पिळलेलं, हाताला गार लागेल पण थेंब पडणार नाही असं. ते एकदा फिरवायचं. लाकडावर पाण्याची चकाकी दिसत असेल तर ती जाईपर्यंत, मिनिट-दोन मिनिटं, थांबायचं.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेल्या फळ्या) यांना अपवाद. त्यांच्या कापलेल्या कडेला पाणी लागलं की त्या फुगतात, त्यामुळे तिथे समोरच्या भागालाच ओलं फडकं लावा. पावसाळ्यात कधी कधी पाणी लावावंच लागत नाही, ते प्रश्न ८ मध्ये.

४. गोंद किती लावायचा?

पोळीला तूप लावतो तितका. जुनं एटीएम कार्ड घेऊन पातळ थर पसरायचा, सगळीकडे ओला दिसला की पुरे. हा गोंद फुगताना मूळच्या तिप्पट जागा सहज घेतो. पांढऱ्या गोंदाच्या सवयीने नागमोडी धार सोडाल तर दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ फेस तासण्यात जाईल.

५. फेस फुगून फट भरून काढतो, मग सांधा जरा सैल असला तरी चालेल ना?

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं, म्हणून जरा सविस्तर. फट भरते हे खरं. ती बुडबुड्यांनी भरते. खात्री करायची असेल तर सांध्याबाहेर आलेला, पूर्ण पिकलेला फेसाचा तुकडा दोन बोटांत धरून चुरा. चुरमुऱ्यासारखा चुरतो. सांध्याच्या आतल्या फटीतही हाच माल असतो, फक्त दिसत नाही.

या गोंदाची ताकद दोन पृष्ठभाग घट्ट दाबले गेले, वायू कडेने बाहेर पडला आणि मधे पातळ, भरीव थर राहिला, तरच. खुर्चीचा पाय भोकात हलत असेल तर त्याच लाकडाची पातळ चिपळी तासून बसवा आणि मग गोंद लावा. चिपळी बसवणं शक्यच नसेल तर भुसा मिसळलेलं इपॉक्सी (दोन भाग एकत्र कालवून वापरायचा गोंद) घ्या. फट भरणं हे त्याचं काम, याचं नव्हे.

६. शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) किती वेळ ठेवायचं? माझ्याकडे शिकंजे नाहीत.

बाटलीवर लिहिलेली वेळ पाळा, कारण पटकन पिकणारे आणि सावकाश पिकणारे असे दोन्ही प्रकार मिळतात. सावकाश पिकणाऱ्याला तास-दोन तास दाब लागतो आणि पूर्ण ताकद यायला चोवीस तास. दाब लवकर काढला तर आतला वायू सांधा उचकटतो.

शिकंजे नसले तर पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा आणि लांब पट्ट्या कापा. ताणून गुंडाळली की ती वेड्यावाकड्या आकारालाही धरून ठेवते. खुर्चीच्या पायांसाठी मला लोखंडी शिकंज्यापेक्षा ट्यूबच बरी वाटते. सपाट कामावर पाण्याने भरलेल्या कळशा ठेवा, पण खाली-वर जाड फळी घालून, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसेल.

७. रात्री नीट जुळवलेला सांधा सकाळी सरकलेला का असतो?

कारण हा गोंद पिकण्याआधी तेलासारखा घसरडा असतो, आणि त्यात आतून फेसाचा रेटा. माझ्या झोपाळ्याचा एक हात रात्री नीट जुळवून मी झोपायला गेलो. सकाळी तो तीन मिलिमीटर पुढे गेलेला, आणि दगडासारखा पक्का. शेवटी कापून नवा केला.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. एका बाजूला दोन बारीक खिळे अर्धवट ठोकायचे, पक्कडीने त्यांची डोकी उडवायची आणि उरलेल्या टोकांवर दुसरा भाग दाबून बसवायचा, मग तो सरकत नाही. दुसरं म्हणजे शिकंजा लावून निघून जायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन बघायचं. तोपर्यंत काही सरकलं असेल तर ढकलून जागेवर आणता येतं.

८. कोकणातला पावसाळा आणि विदर्भातला मे महिना, दोन्हीकडे एकच पद्धत चालते का?

नाही. लाकूड हवेतल्या ओलाव्याशी सतत देवाणघेवाण करत असतं. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असली तर लाकडात साधारण १२ टक्के पाणी असतं, ९० टक्के असली तर २० च्या आसपास, ३० टक्के असली तर ६ च्या आसपास.

म्हणजे जुलैत रत्नागिरीत पडवीत ठेवलेल्या फळीत गोंदाला पुरेल इतकं पाणी आधीच आहे. फडकं फिरवू नका, नाहीतर नुसता फेस मिळेल. गोंद हाताशी राहण्याचा वेळही कमी होतो, म्हणून एका वेळी एकच सांधा करा. याउलट मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे लाकूड इतकं कोरडं असतं की फडकं फिरवल्याशिवाय गोंद दिवसभर चिकटच राहतो.

यात एक खोच आहे. पावसाळ्यात गोंद छान पिकतो, पण लाकूड तेव्हा फुगलेलं असतं. ते पुढे मार्च-एप्रिलमध्ये आकसतं आणि दोष गोंदाला जातो. ३०० मिलिमीटर रुंद सागवानी फळीतलं पाणी आठ टक्क्यांनी कमी झालं तर ती कशी कापली आहे त्याप्रमाणे दोन ते चार मिलिमीटरने अरुंद होते. रुंद पाट किंवा टेबलाचा वरचा भाग जोडायचा असेल तर मी दिवाळीनंतरच हात लावतो.

९. बाहेर आलेला फेस ओल्या फडक्याने पुसू का? आणि वरून पॉलिश बसतं का?

पुसू नका. पाणी मिळालं की तो अजून फुगतो आणि लाकडाच्या रंध्रांत पसरतो. कोरड्या फडक्यानेही तेच, फक्त पाण्याशिवाय. फेस रबरासारखा होईपर्यंत, साधारण दोन-तीन तास, थांबा आणि धारदार पटाशीने सपाट तासून टाका. सालीसारखा निघतो. जोडणीच्या दोन्ही बाजूंना आधीच मास्किंग टेप लावली असेल तर काम आणखी सोपं.

जिथे गोंद लाकडात मुरला, तिथे पॉलिशचा रंग धरत नाही आणि फिकट डाग दिसतो. कच्च्या लाकडावर तो डाग दिसतही नाही, दिसतो तो पॉलिशचा पहिला हात मारल्यावर. रॉकेलचं किंवा टर्पेंटाइनचं फडकं एकदा फिरवलं तर असे डाग आधीच उठून दिसतात. मग तिथे सँडपेपर.

१०. सागवानाला आणि शिसवीला कुठलाच गोंद धरत नाही म्हणतात. हा धरेल?

धरेल, पण ताज्या पृष्ठभागावर. सागवानात तेल असतं आणि ते हळूहळू वर येतं. कालच रंधा मारलेली फळी आज जोडायला घेतली तर मधे तेलाचा पापुद्रा असतो. जोडायच्या आधी लगेच ८० किंवा १०० नंबरचा सँडपेपर मारा, भुसा झटका, ॲसिटोनचं फडकं फिरवा आणि ॲसिटोन उडून गेलं की कामाला लागा. मधे चहाला जाऊ नका. पाणी लावायचंच असेल तर ॲसिटोननंतर.

११. लाकडाला लोखंड, ॲल्युमिनियम, दगड, फरशी हे सगळं चिकटतं का?

चिकटतं. दगड, कडप्पा, न चकाकणारी फरशी, सिमेंट यांना खडबडीतपणा असतोच, फक्त धूळ पुसायची. धातूला तो आपण द्यायचा. ॲल्युमिनियमवर घासल्याबरोबर पुन्हा ऑक्साइडचा थर धरायला लागतो, त्यामुळे घासा, पुसा आणि लगेच जोडा. गोंद धातूला लावा आणि ओलं फडकं लाकडावर फिरवा. पाणी धरून ठेवणारी बाजू तीच.

थर्माकोललाही हा चालतो. रबर सोल्यूशन थर्माकोल विरघळवून टाकतं, यात तसा द्राव नसतो.

१२. दोन्ही बाजू धातूच्या किंवा काचेच्या असतील तर?

इथे हा गोंद उपाशी राहतो. मधोमध पाणी पोचायला वाटच नाही. कडा पिकतात आणि आतला भाग आठवडाभर मऊ राहतो. एका बाजूला स्प्रेच्या बाटलीने अगदी बारीक तुषार मारून काम भागतं, पण रुंदी दोन बोटांपेक्षा जास्त असली तर मी दोन भागांचं इपॉक्सी घेतो. ते आपल्या आपण पिकतं, त्याला कुणाकडे पाणी मागावं लागत नाही.

१३. कशाला अजिबात चिकटत नाही?

पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, टेफ्लॉन, सिलिकॉन आणि मेण. बादल्या, डबे, तेलाचे कॅन बहुधा पहिल्या दोन प्लास्टिकचे असतात, तिथे वेळ घालवू नका. पण याच गोष्टीचा फायदा करून घ्या. कामाखाली वर्तमानपत्र टाकाल तर तेच चिकटून बसेल, म्हणून दुधाची पिशवी कापून पसरा. शिकंज्याच्या जबड्यांना मेणबत्ती घासून ठेवा.

१४. सागवानी स्टँडवर ग्रॅनाइटचा मोठा तुकडा बसवायचा आहे. पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावू का?

नको. ग्रॅनाइट ऋतूप्रमाणे हलत नाही, लाकूड हलतं (प्रश्न ८ मधला हिशोब पाहा). कडक गोंदाने दोघांना जखडलं तर एका उन्हाळ्यात सांधा सुटेल किंवा लाकडाला चीर जाईल. इथे पीयू ग्लू नको, पीयू सीलंट घ्या, नळीत मिळणारं आणि रबरासारखं राहणारं. तेही ओलाव्यानेच पिकतं. मधे मधे रुपयाएवढे ठिपके द्या आणि दोन-तीन मिलिमीटर जाडी राहील असे आधार ठेवा. त्या जाडीतच लाकडाला हलायला वाव मिळतो.

१५. फेविक्विक, सिलिकॉन आणि चौकटीत भरतात तो फोमही ओलाव्यानेच घट्ट होतो म्हणतात. मग फरक काय?

चौघेही ओलाव्यावरच जगतात, पण स्वभाव वेगळे.

फेविक्विक म्हणजे सायनोॲक्रिलेट. हे रसायन १९४२ मध्ये अमेरिकेत कोडॅकच्या हॅरी कूव्हरच्या हाती आधी नको तिथे चिकटणारी कटकट म्हणून आलं. बाजारात गोंद म्हणून यायला १९५८ उजाडलं. त्याला पृष्ठभागावरचा नुसता दमटपणा पुरतो, थर मात्र अगदी पातळ हवा. ते वापरताना सुती हातमोजे घालू नका. सुतावर सांडलं तर इतकं तापतं की भाजतं.

सिलिकॉन बाहेरून आत पिकत जातं, चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटर. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते आरशाच्या पाठीला, पितळेला आणि संगमरवराला लावू नका. त्यातलं ॲसिटिक ॲसिड त्यांना खातं. तिथे न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

चौकटीतला स्प्रे फोम या पीयू ग्लूचा सख्खा भाऊ, पण मुद्दाम फुगण्यासाठी बनवलेला. तो भिंत आणि चौकटीमधली पोकळी भरतो. त्याने खुर्ची जोडू नका. हसू नका, असा फोटो मला आलेला आहे.

१६. भाच्याने अमेरिकेहून गोरिला ग्लू आणला आहे. तोच हा का?

बाटली बघा. 'ओरिजिनल' लिहिलेला तपकिरी गोंद असेल तर हाच. त्याच नावाने पांढरा लाकडाचा गोंद, सुपर ग्लू आणि इपॉक्सीही विकतात, आणि त्यांना यातलं पाण्याचं काही लागू नाही.

१७. हाताला लागला, साबणाने जात नाही.

जाणारही नाही. ओला असताना कोरड्या कागदाने पुसा, मग खोबरेल तेल चोळून पुन्हा पुसा. एकदा पिकला की कातडीबरोबरच जातो, चार-पाच दिवसांत. हात काळपट दिसतात. मी एका साखरपुड्याला तशाच बोटांनी पेढे वाटले आहेत. नायट्राइलचे हातमोजे घाला, कपडेही जुने. कपड्याला लागला की कपडा वर्कशॉपचा झाला.

१८. वास फारसा नाही, म्हणजे सुरक्षित ना?

वासावर जाऊ नका. आयसोसायनेटची काही लोकांना ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की पुढच्या वेळी थोड्याशानेही दम लागू शकतो. दम्याच्या माणसाने हे काम दुसऱ्यावर सोपवावं. इतरांनी खिडक्या उघडून करावं. पिकलेला गोंद घासताना मास्क लावा.

घरात कुत्रा असेल तर बाटली कपाटात बंद ठेवा. गोंद गोडसर लागतो की काय कोण जाणे, पण कुत्रे बाटली चावतात, आणि पोटातल्या ओलाव्याने तो फुगून घट्ट गोळा होतो. मग शस्त्रक्रियाच करावी लागते. थोडा जरी गेल्याचा संशय आला तरी लगेच प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

१९. पोळपाट आणि भाजी कापायचा लाकडी पाट यांना चालेल?

बाटलीवर अन्नाच्या संपर्कासाठी चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तरच. नसेल तर मी वापरत नाही. आणि पोळपाट शक्यतो एकाच फळीचा करा, मग प्रश्नच उरत नाही.

२०. होडीला चालेल का? बाटलीवर तर वॉटरप्रूफ लिहिलं आहे.

पावसात भिजणं आणि कायम पाण्यात बुडून राहणं यांत फरक आहे. लाकडाच्या गोंदांना युरोपात डी-१ ते डी-४ अशा इयत्ता आहेत आणि चांगला पीयू ग्लू डी-४ म्हणजे वरच्या इयत्तेत बसतो. पण तीही उघड्यावरच्या वस्तूंची परीक्षा आहे, समुद्रात उभ्या होडीच्या तळाची नव्हे. पाण्याखालच्या भागाला इपॉक्सी. वरच्या बाकांना, झडपांना हा चालेल, मात्र उन्हात तो तपकिरी पडतो, म्हणून वरून रंग द्या.

२१. उघडलेली बाटली महिन्याभरात दगड झाली. फ्रिजमध्ये ठेवू का?

फ्रिज नको. थंड बाटली बाहेर काढली की तिच्यावर आणि तोंडाशी दव धरतं, म्हणजे आपणच गोंदाला पाणी पाजलं. वापरून झालं की बाटली दाबून आतली हवा काढा, तोंड पुसा, झाकण घट्ट लावा आणि उलटी उभी करून हवाबंद डब्यात ठेवा. म्हणजे पापुद्रा धरलाच तर तळाशी धरतो. डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. तरीही कोकणात बाटली फार टिकत नाही, त्यामुळे लहानच घ्या. मोठी स्वस्त पडते हा हिशोब इथे फसतो.

२२. आजोबांचा तंबोरा तुंब्याजवळ उकलला आहे. पक्का बसावा म्हणून पीयू लावू का?

कृपा करून नको. वाद्याचा सांधा पुन्हा उघडता यायला हवा. जुने कारागीर सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद) वापरायचे तो त्यासाठीच: ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो, दुरुस्ती करता येते आणि पुन्हा जोडता येतं. पीयू एकदा पिकला की पाण्याला दाद देत नाही आणि ॲसिटोनलाही नाही. उघडायचा तर करवतीने. शिवाय तुंबा म्हणजे भोपळ्याची वाळलेली कवटी, करवत लागली की संपला. तंबोरा गुंडाळा आणि मिरजेला घेऊन जा. तिथे सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या हेच काम चालतं. तोवर उकललेल्या जागी सुती पट्टी सैलसर बांधून ठेवा आणि तारा उतरवून ठेवा.